क्रमानं घाबरणारे सर

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते; म्हणजे पुढचं वाचून कुणी मला धीराची समजायला नको. पाल, पोलीस, लिफ्ट, नवऱ्याच्या मामेबहिणी, मला सगळ्यांचीच भीती वाटते. पण लातुरात राहिलेल्या आमच्या वयाच्या माणसांची एक भीती वेगळी आहे आणि ती बाहेरगावच्यांना कळत नाही. कपाटाची काच आपोआप वाजली की आम्ही बोलता बोलता गप्प होतो. एकमेकांकडं बघत नाही, वर छताकडं बघतो. मग रस्त्यावरून ट्रक गेल्याचा आवाज येतो आणि आम्ही राहिलेलं वाक्य पुरं करतो.

भूकंपानंतर या भीतीपायी कुणी काय केलं आणि कुणी काय. कुणी दारू धरली, कुणी बुवा धरला, कुणी पुण्याला फ्लॅट घेऊन टाकला. निटुरे सरांनी बस घेतली.

निटुरे सर आमच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, मी मराठी. मूळचे उदगीरकडचे. बुटके, गोल चेहऱ्याचे, केसांना चपचपीत तेल. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, टेस्टर असायचा. पँटला गुडघ्यापाशी बारीक बारीक भोकं, ती बॅटरीच्या ॲसिडची. स्टाफरूममध्ये आले की आधी भिंतीला तळहात लावायचे, मग वर तुळई कुठून गेलीय ते बघायचे आणि दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं तर उभेच राहायचे. गणिताचे सर मुद्दाम टेबल हलवायचे, आणि निटुरे सर दाराबाहेर! सगळे खो खो हसायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू?

बस म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. इंजिन बरं होतं, पत्रा सडला होता. सरांनी ती आणून आमच्या घराशेजारच्या स्वतःच्या मोकळ्या जागेत लावली. त्याच जागेत त्यांचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घरही होतं, बरं का. चांगलं घर. भूकंपात त्याला एक तडासुद्धा गेला नव्हता. पण त्या घरात राहायची पुस्तकं आणि ज्वारीची पोती. नवरा-बायको बसमध्ये. मागची बाकं काढून दोन बाजांएवढ्या फळ्या ठोकल्या, मधे शेगडी, खिडक्यांना पडदे, छताला गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंखा, एक ट्यूब, आणि झोपायच्या जागी उशाला एकेक बारका दिवा. सगळी वायरिंग सरांनी हातानं केलेली. बस चालूही व्हायची. रविवारी सर ती सुरू करून जागच्या जागी घुरघुरवत ठेवायचे, बॅटरी चार्ज व्हावी म्हणून. आमच्या स्वयंपाकघरात धूर यायचा आणि मी खिडकी आपटून लावायची.

गाव त्यांना भित्रे सर म्हणायचं. तोंडावरही म्हणायचं. सर म्हणायचे, "हाव, हाय मी भित्रा."

पण छताखाली जाऊ न शकणारं माणूस दुसरंच होतं. सरांची बायको, कमलवहिनी. वहिनींचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. गणपती बुडवायला म्हणून त्या माहेरी गेल्या होत्या. विसर्जन करून गाव झोपलं आणि पहाटेच्या आधी सगळं खाली आलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर हातभर मातीचं माळवद. वहिनी त्या मातीखाली दुपारपर्यंत होत्या. शेजारी त्यांची अव्वा, म्हणजे आई होती. ती थोडा वेळ बोलत होती, नंतर बोलेनाशी झाली. सर मोटरसायकलवर गेले आणि हातांनी उकरून बायकोला काढलं. सासूलाही काढलं, पण त्याचा उपयोग नव्हता. सरांच्या दोन बोटांची नखं त्यानंतर नीट आलीच नाहीत.

तेव्हापासून वहिनी छताखाली पाऊल टाकत नव्हत्या. देवळात नाही, दवाखान्यात नाही, माझ्या घरात नाही. मी संक्रांतीचं वाण द्यायला बोलवायची, त्या अंगणात उभ्या राहून ओटी घ्यायच्या. लोकांत त्यांचं नाव निघू नये म्हणून सरांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. तेही खोटं नव्हतं म्हणा. घाबरायचे तेही. पण त्यांना एकच ध्यास होता, वहिनींना परत छताखाली आणायचं. जन्मभर बसमध्ये कसं राहायचं? म्हातारपण येणार, आजारपण येणार. मला म्हणायचे, "बाई, मानूस घाबरनारच. पर क्रमानं घाबरायचं. सगळ्याला एकदम घाबरलं की मानूस बाद होतंय."

हे त्यांचं क्रमानं घाबरणं मी पहिल्यांदा पाहिलं ते एका दुपारी. बसच्या खिडकीतून धूर यायला लागला. वहिनी आत होत्या. त्यांची किंकाळी ऐकून मी धावले आणि अंगणातच थांबले. आत गॅस आहे, हे मला माहीत होतं. सर कॉलेजातून नुकते आले होते. त्यांनी सायकल टाकली आणि मला वाटलं, आता हे बसमध्ये उडी मारणार. पण सर खाली वाकले, पायरीजवळच्या पेटीचं झाकण उघडलं आणि पान्याचा एक हिसका देऊन बॅटरीची तार सोडवली. मग दार. मग वहिनी. मग सिलिंडर. धूर थांबला तेव्हा सरांच्या गालाचं मांस थडथडत होतं.

"आधी वहिनींना काढायचं सोडून तुम्ही तार काय सोडता?" मी ओरडलेच त्यांच्यावर.

"तार सुटली म्हणून आग न्हाई लागली, बाई. आधी दार वढत बसलो असतो तर दोघं बी आत."

कारण निघालं ते असं. आदल्या आठवड्यात हॉर्न वाजेना म्हणून सर परगावी असताना वहिनींनी एका मिस्त्रीला बोलावलं होतं. त्यानं जळलेल्या फ्यूजच्या जागी जाड तारेचा तुकडा कोंबला होता. फ्यूज असता तर तो जळून गेला असता आणि काम भागलं असतं. जाड तार जळेना, म्हणून मागची सगळी वायर तापली आणि तिचं प्लास्टिक वितळलं. सरांनी तो तुकडा मला दाखवला. राग आला की त्यांचा आवाज उलट बारीक व्हायचा. "फ्यूज म्हंजे भितरा मानूस असतोय बाई. त्यो आधी मरतोय, म्हनून बाकीचे जगतेत. ह्यानं तिथं पैलवान बसवला," असं म्हणाले आणि त्या संध्याकाळी संपूर्ण बसची वायर बदलायला घेतली.

दुसरी गोष्ट बॅटरीची. ती आठवली की मला अजून कसंतरी होतं.

थंडीचे दिवस होते. सरांच्या बसची बॅटरी रोज सकाळी उतरलेली सापडायला लागली. दिवसा चार्ज केली तरी सकाळी पंखा फिरेना, ट्यूब लागेना. सरांनी टोकांवर जमलेली पांढरी भुकटी सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली, व्हॅसलीन लावलं, प्रत्येक खणात पाणी घातलं, काचेच्या नळीनं ॲसिड ओढून तपासलं. बॅटरी ठणठणीत. मग म्हणाले, वायर कुठंतरी पत्र्याला टेकून गळत असणार. बॅटरीची तार सोडून मधे एक बल्ब जोडला. सगळी बटणं बंद असताना हा बल्ब लागला तर कुठंतरी गळती आहे, असं ते मला समजावून सांगत होते. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. बल्ब लागला नाही. म्हणजे गळती नाही. आणि तरी सकाळी बॅटरी मेलेली.

मग सरांनी त्यांचा क्रम लावला. रोज झोपताना एकच फ्यूज काढायचा आणि सकाळी बघायचं. पहिल्या दिवशी पंख्याचा. बॅटरी उतरली. दुसऱ्या दिवशी ट्यूबचा. उतरली. मग हॉर्नचा, मग रेडिओचा. मला भिंतीवरून रोजचा निकाल सांगायचे, "आज बी फेल." पाचव्या दिवशी उशाच्या दिव्यांचा काढला.

सहाव्या दिवशी दूध घ्यायला मी बाहेर आले. अंगणापलीकडं, धुण्याच्या दगडावर वहिनी बसल्या होत्या. अंगावर नुसतं लुगडं, केस दवानं ओले, दात कडकड वाजत होते. किती वेळच्या बसल्या होत्या देव जाणे. मी हात धरला तर बर्फ.

"दिवा लागंना ताई," त्या म्हणाल्या. "अंधार झाला की माझ्या तोंडात माती येती. थुकली तरी जात न्हाई."

तेव्हा कळलं. सर झोपले की वहिनी उशाचा दिवा लावायच्या, पदरानं झाकायच्या आणि उजाडेपर्यंत त्याच्याकडं बघत जाग्या राहायच्या. इतकी वर्षं, रोज. बॅटरी आता जुनी झाली म्हणून उघडं पडलं, एवढंच. नवऱ्याला कधी सांगितलं नाही, कारण "त्यांनी एवढं घर करून दिलं, त्यांना वाटंल मला इथं बी न्हाई जमत."

सर बसच्या दारात उभे होते. हातात तो फ्यूज. बॅटरी त्या सकाळी पूर्ण भरलेली होती. ते आत गेले, फ्यूज परत बसवला आणि शेगडीवर पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून दुसरी बॅटरी आणून पहिलीला जोडली. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, "सापडला का हो बिघाड?" तर म्हणाले, "बॅटरीच जुनी होती." मी खाली मान घालून पेपर तपासत राहिले. त्या दिवशी मात्र मला त्यांच्याविषयी फार फार वाटलं.

त्यानंतर सरांनी बसमध्ये काही करायचं सोडून दिलं आणि स्वतःला दुरुस्त करायला घेतलं. म्हणजे कसं, तर त्यांचं गणित साधं होतं. वहिनींना छताखाली न्यायचं, तर आधी आपण जायला पाहिजे. जो स्वतः दाराजवळ बसतो, त्याचं कोण ऐकणार?

एव्हाना लातूर पालटलं होतं. भूकंपाचं गाव म्हणून ओळखणारे लोक आता बोर्डात नंबर आलेल्या मुलांचं गाव म्हणायला लागले. गल्लोगल्ली क्लास, घरोघरी होस्टेल, प्रत्येक खांबावर पोरांचे फोटो. किनवटपासून देगलूरपर्यंतची मुलं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायची. ज्या गावात लोक दुसरा मजला बांधायला घाबरत होते, तिथं बघता बघता चार चार मजले चढले. आमची भीती काही कमी झाली नव्हती, पण तिच्यावर फरशी बसवून आम्ही भाड्यानं दिली होती.

एका क्लासवाल्यांनी सरांना तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये शिकवायला बोलावलं. वर्षभर नाही नाही म्हणून सर एक दिवस हो म्हणाले. मला म्हणाले, "आधी तळमजल्यावर पंधरा दिवस बसून बघितलं. मग पैला. आता तिसरा. दिवाळीपत्तुर जमलं की हिला तुमच्या घरात आनतो. फकस्त हळदीकुंकवापुरतं." मी त्याच दिवशी घराला रंग द्यायचं ठरवलं. नवरा म्हणाला, दिवाळीला अजून अवकाश आहे. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

दीड महिना सरांनी तिसऱ्या मजल्यावर शिकवलं. घामानं भिजून खाली यायचे, पण यायचे ते जिन्यानं, चालत. मीही त्या क्लासला मुलींच्या चाचण्यांवर लक्ष ठेवायला दुसऱ्या मजल्यावर जायची. त्या दिवशी वीज गेली. वीज रोजच जायची, त्यामुळं क्लासवाल्यांनी नवा जनरेटर आणला होता आणि कुणाला न सांगता पहिल्या मजल्याच्या गॅलरीत ठेवला होता. तो पहिल्यांदा सुरू झाला. जमीन थरथरली. बाकांचे पाय फरशीवर वाजायला लागले. माझ्या हातातल्या उत्तरपत्रिका खाली पडल्या, आणि वरून सरांचा आवाज आला, "भूकंप! पळा!"

मी पळाले. मुलींना सोडून पळाले, हे इथं लिहायला हात जड होतोय, पण लिहिते. वरून दोनशे पोरं आली. जिन्यात मला कुणाचे केस, कुणाची कोपरं लागली ते आठवत नाही. आणि सगळ्यांच्या पुढं, सगळ्यांत आधी, निटुरे सर होते.

जीव कुणाचा गेला नाही, देवाची कृपा. माहूरकडच्या एका मुलीचा उजवा हात मोडला. सर रस्त्यापलीकडं एका टपरीच्या फळीवर बसले होते. जनरेटर अजून चालूच होता आणि आता सगळ्यांना तो स्पष्ट ऐकू येत होता.

"मला कळायला पायजे हुतं," सर म्हणाले. "दुसरं कुनी चुकलं असतं तर चाललं असतं. मी मोटारीचा आवाज झोपंत वळखतो, बाई. आन मीच पुढं पळालो. पोरं मागं ठिवून."

क्लासवाल्यांनी त्यांना काढलं, ते बरोबरच होतं. त्या मुलीच्या होस्टेलच्या फाटकाबाहेर सर महिनाभर रोज खुर्ची टाकून बसायचे आणि तिच्या सगळ्या विषयांच्या वह्या लिहून द्यायचे, अगदी माझ्या मराठीच्यासुद्धा. ती मुलगी म्हणायची, सर राहू द्या. सर मान वर करायचे नाहीत. घराला लावलेला रंग तसाच राहिला, दिवाळीला कुणी आलं नाही. सर पुन्हा दाराजवळच्या खुर्चीत, आणि आता गणिताचे सरही टेबल हलवत नव्हते.

आणि मग वहिनींचं दुखणं निघालं. अंगावरून जायचं, ते त्यांनी महिनोन् महिने लपवलं. एक दिवस भांडी घासता घासता त्या कोलमडल्या, तेव्हा मी पाहिलं. चेहरा पांढराफटक. डॉक्टरीणबाई बसमध्ये येऊन तपासून गेल्या आणि बाहेर येऊन आम्हाला म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल, रक्त फार कमी आहे, आठ दिवसांच्या आत नाही केलं तर मी जबाबदार नाही. वहिनींनी आतून ऐकलं. "मी बसमधीच मरते," म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात.

सरांचा एक विद्यार्थी नांदेडला एका दवाखान्यात डॉक्टर होता. त्यानं सांगितलं, सर, घेऊन या, तळमजल्यावर खोली ठेवतो, खिडकी बाहेरच उघडते. तेवढ्यावर वहिनी कशाबशा तयार झाल्या. बाईमाणूस सोबत हवं म्हणून मी निघाले. सरांनी बस काढली. इतक्या वर्षांनी ती फाटकाबाहेर पडताना गल्लीतली पोरं ओरडत मागं धावली.

अहमदपूर गेलं. पुढं इंजिन तापलं म्हणून सरांनी पाणी घालायला बस थांबवली. पाणी घातलं, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. बस सुरू होईना. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना कापलेली रानं, माणूस नाही. मी मागं वहिनींजवळ. खालची चादर बदलून अर्धा तास झाला नव्हता आणि ती पुन्हा भिजली होती. मी ओरडले, "सर, काहीतरी करा हो!"

सरांनी दिवे लावून बघितले. दिवे लख्ख लागत होते, किल्ली फिरवली की विझायचे. "बॅटरी जित्ती हाय," ते मोठ्यानं बोलत होते, स्वतःशीच. "ताकद हाय, पोचत न्हाई. कुठंतरी जोड ढिला हाय." मग मला म्हणाले, "बाई, फुडं या. मी म्हनल्यावर किल्ली फिरवा आन धरून ठिवा." मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. सर बसखाली गेले आणि तारेचा एकेक जोड उघड्या हातानं चाचपू लागले. जिथून वीज नीट जात नाही, तो जोड तापतो. "फिरवा. सोडा. थंड हाय. फिरवा. सोडा. थंड." मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. चौथ्या की पाचव्या वेळी ते "अय्यो!" म्हणून ओरडले आणि लगेच म्हणाले, "घावलं!" बॅटरीची तार बसच्या सांगाड्याला जिथं बोल्टनं आवळलेली असते, तिथं गंज चढला होता. वहिनींच्या भाजी चिरायच्या सुरीनं त्यांनी तो खरवडला, बोल्ट पिळला. मी किल्ली फिरवली. बस सुरू झाली आणि मी रडायला लागले. सरांच्या तळहातावर भाजल्याचा फोड आला होता. तसेच येऊन बसले आणि थेट लोह्यापर्यंत बस दामटली.

नांदेडच्या दवाखान्याच्या आवारात पोचलो तर तो डॉक्टर खाली धावत आला. तोंड पडलेलं. "सर, तळमजल्यावरची खोली सकाळी एका भाजलेल्या पेशंटला द्यावी लागली. आता फक्त तिसऱ्यावर जागा आहे. ऑपरेशनही तिथंच होतं. आणि मॅडमना आत्ता, या क्षणी रक्त लावायला पाहिजे."

वहिनींनी खिडकीतून इमारतीकडं बघितलं. मग फळीचा कठडा दोन्ही हातांनी धरला. "मी न्हाई," म्हणाल्या. डॉक्टरनं समजावलं, मी हातापाया पडले. "मला मारून न्या वर. जित्ती न्हाई येत."

सर बसमधून खाली उतरले होते. ते वर न बघता म्हणाले, "कमल, मी आधी जाऊन बसतो. तू हितून बघ. ती खिडकी दिसायली का? तिथं हुबा ऱ्हातो. काही हालतंय का, पडतंय का, समदं मला आधी कळंल. मग ये." आणि ते गेले. जनरेटरच्या आवाजाला पळालेला माणूस तीन मजले चढून गेला. थोड्या वेळानं खिडकीत दिसले. हात वर केला. वहिनी बघत होत्या. जरा वेळानं पुन्हा हात. पुन्हा. मी घड्याळ बघत होते, वहिनींच्या ओठांचा रंग बघत होते आणि मनातल्या मनात येईल त्या देवाला हाका मारत होते.

मग खिडकी रिकामी झाली.

आम्ही वाट बघितली. हात नाही, सर नाहीत. "हे कुठं गेले?" वहिनी म्हणाल्या. "ताई, हे दिसंनात." तेवढ्यात एक सिस्टर चप्पल वाजवत खाली आली. "निटुऱ्यांचं कोण आहे? अहो, ते वर कॉटखाली जाऊन बसलेत! कॉटचा पाय धरलाय, सोडत नाहीत. पाय उचलत नाहीत म्हणतात. खालीही उतरता येईना त्यांना."

मी उठणार, तेवढ्यात वहिनी उठल्या. बसचा पत्रा धरून, मग दार धरून. बसच्या पायरीवर मी त्यांना पकडलं. त्या अनवाणी निघाल्या. इमारतीच्या दारापाशी, जिथून वर छत सुरू होतं तिथं, त्या थांबल्या. त्यांची नखं माझ्या खांद्यात रुतली. "अव्वा," असं एकदाच म्हणाल्या, आणि आत पाऊल टाकलं. सिस्टर चाकाची खुर्ची आणते, लिफ्टनं चला म्हणत होती, पण त्या बंद पेटीत त्या कशा जाणार? खुर्चीवर बसवून दोन वॉर्डबॉयनी त्यांना जिन्यानं उचलून नेलं. डोळे घट्ट मिटलेले, दात आवळलेले, आणि प्रत्येक वळणावर विचारायच्या, "आलं का? हे हायेत तिथं? आलं का?"

वर गेल्यावर त्या खुर्चीतून सरकून फरशीवर बसल्या आणि कॉटखाली वाकल्या.

"उठा की," म्हणाल्या. "मी आलेय."

सरांनी मान वर केली. सगळा चेहरा ओला. "तू? वर आलीस? छताखाली?"

"मग काय करू? तुमाला हितं सोडून बसमधी बसू व्हय?"

ऑपरेशन नीट झालं, ते दुसऱ्या दिवशी. पुढं ती दोघं लातूरला परत आलीच नाहीत. बस तिथंच विकली आणि नांदेडला पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या. पत्रा हलका असतो, पडला तरी माणूस जगतं, असं सरांनी मला पत्रात लिहिलं होतं. चार-पाच पत्रं आली. जाऊ जाऊ म्हणत मी गेले नाही, आणि एक दिवस त्यांच्या पुतण्याचा फोन आला की काका गेले. झोपेत गेले म्हणाला. वहिनी आता त्याच्याकडं असतात.

म्हणून माझ्यापुरतं शेवटचं दिसणं नांदेडला पोचलो त्या संध्याकाळचंच. वहिनींची धाकटी बहीण येऊन पोचली होती आणि मला बोर्डाच्या पेपरांसाठी लातूरला परतायचं होतं. पिशवी उचलून मी दारातून मागं वळून बघितलं. वहिनी कॉटवर, एका हाताला रक्ताची बाटली लावलेली, डोळे सताड उघडे, छतावर खिळलेले. पापणी हलत नव्हती. दुसरा हात कॉटच्या कडेवरून खाली सोडलेला. आणि खाली सर अजून तसेच, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरलेला.

झाडूवाली मावशी आली. ती ओरडली, "ओ काका, निघा बाहेर, झाडायचंय मला."

वहिनींनी छतावरची नजर काढली नाही. "राहू द्या त्यांना, मावशी," म्हणाल्या. "बाजूनं झाडा."